दोष द्रव्याचा की स्थितीचा? : डॉ. कार्ल हार्ट यांच्या 'हाय प्राइस' या ग्रंथाची चिकित्सा

व्यसनाविषयी आपल्याकडे जे बोलले व लिहिले जाते त्यात गेल्या काही वर्षांत एका नव्या शब्दाची भर पडली आहे. पूर्वी व्यसनी माणसाला संस्कारहीन म्हणत. आता त्याचा मेंदू बिघडला आहे असे म्हणतात. नीतीच्या भाषेची जागा रसायनशास्त्राच्या भाषेने घेतली आणि हा बदल पुष्कळांना प्रगतीचा वाटतो. काही अंशी तो तसा आहेही. रोगी म्हटल्याने माणसाला निदान तुरुंगाऐवजी दवाखान्याची वाट दाखविली जाते. परंतु 'बिघडलेला मेंदू' हा निवाडाही वरून, दुसऱ्यानेच दिलेला असतो. आणि तो कोणाविषयी दिला जातो व कोणाविषयी दिला जात नाही हे पाहू लागले म्हणजे या नव्या भाषेच्या तटस्थपणाबद्दल शंका येऊ लागते. ही शंका ज्यांनी प्रयोगशाळेत बसून, पुराव्यानिशी उपस्थित केली त्यांत डॉ. कार्ल हार्ट यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागेल. त्यांचा 'हाय प्राइस' हा ग्रंथ २०१३ साली प्रसिद्ध झाला. उत्तेजक द्रव्ये मेंदूत नेमके काय करतात आणि त्यावरून समाजाने काय निष्कर्ष काढले, हे दोन्ही प्रश्न त्यांनी एकत्र हाताळले असल्यामुळे या ग्रंथाची सविस्तर दखल घेणे आम्हांस आवश्यक वाटते.

डॉ. हार्ट हे अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यातील मायामी शहराच्या गरीब कृष्णवर्णीय वस्तीत वाढले. किरकोळ चोऱ्या, बास्केटबॉल, मग हवाई दलातील नोकरी आणि तिच्या आधारे शिक्षण, असा त्यांचा प्रवास आहे. १९९६ साली वायोमिंग विद्यापीठातून ते मेंदूविज्ञानात डॉक्टरेट झाले आणि पुढे कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक झाले. (ज्या विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात डॉ. आंबेडकरांनी अध्ययन केले तेच हे विद्यापीठ. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, पण आमच्या वाचकांना ते ठाऊक असलेले बरे.) ग्रंथाचा निम्मा भाग आत्मकथन आहे आणि निम्मा विज्ञान. दलित आत्मकथने वाचलेल्या मराठी वाचकाला त्यातील बराच भाग परिचयाचा वाटेल. लेखकाने आपल्या वस्तीवर कींवही केली नाही आणि तिचे उदात्तीकरणही केले नाही. आपल्या समाजाचा नाश 'क्रॅक' कोकेनने केला, त्या द्रव्यावर उतारा शोधला की वस्ती सुधारेल, या श्रद्धेने हा तरुण मेंदूविज्ञानाकडे वळला. आणि त्या विज्ञानानेच त्याची ती श्रद्धा मोडून काढली. ग्रंथाचा खरा कथाभाग हाच होय.

प्रथम विज्ञानाची बाजू पाहू. मेंदूतील एक चेतापेशी दुसरीला निरोप देते तो रसायनाच्या द्वारे. दोन पेशींमध्ये अतिसूक्ष्म फट असते. पहिली पेशी आपल्या पुटिकांत साठविलेले रसायन त्या फटीत सोडते, दुसऱ्या पेशीवरील ग्राही ते टिपून घेतात आणि काम झाल्यावर पहिली पेशी उरलेले रसायन वाहक-प्रथिनांच्या मार्गे परत आत ओढून घेते. निरोप पोहोचविण्याइतकेच तो आवरता घेणेही महत्त्वाचे आहे. अशा पुनर्ग्रहणाचा शोध लावल्याबद्दल ज्युलियस अ‍ॅक्सेलरॉड यांना १९७० साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. डोपामिन हे अशा रसायनांपैकी एक. मेंदूत ते स्वतंत्र संदेशवाहक म्हणून काम करते हे स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी १९५० नंतरच्या दशकात दाखविले व २००० साली त्यांनाही नोबेल मिळाले.

कोकेन काय करते? ते डोपामिनच्या वाहक-प्रथिनाला चिकटून परतीचा दरवाजा अडवून धरते. रसायन फटीतच रेंगाळते आणि दुसऱ्या पेशीला निरोप मिळतच राहतो. अँफेटामिन व मेथअँफेटामिन यांची रीत याहून निराळी व अधिक खोलवर जाणारी आहे. ही द्रव्ये त्याच दरवाजाने स्वतः पेशीच्या आत शिरतात, तेथील पुटिकांत साठविलेले डोपामिन बाहेर सांडवितात आणि मग वाहक-प्रथिन उलटे चालू लागते. म्हणजे जे आत ओढावयाचे तेच बाहेर फेकले जाते. पेशीने निरोप द्यावयाचे ठरविलेले नसतानाही निरोप जातो. मुंबईत 'म्याव म्याव' या नावाने पसरलेले मेफेड्रोन, ज्याचा २०१५ साली आपल्या अंमली पदार्थविषयक कायद्याच्या सूचीत समावेश झाला, तेही याच दुसऱ्या जातीचे असून डोपामिनबरोबर सेरोटोनिनही बाहेर काढते. आपल्या घराघरांतील मिश्री व तंबाखू यांतील निकोटिन तिसऱ्याच वाटेने, अ‍ॅसिटिलकोलीनच्या ग्राहींना चेतवून, डोपामिनपर्यंत पोहोचते. मिश्री लावणाऱ्या आजीला कोणी 'मेंदू बिघडलेली' म्हणत नाही, हे येथे नमूद करून ठेवतो.

द्रव्य कोणते यापेक्षा ते किती वेगाने मेंदूत शिरते याला फार महत्त्व आहे. लहान मुलांच्या अवधानदोषावर डॉक्टर जे मेथिलफेनिडेट देतात तेही कोकेनप्रमाणेच डोपामिनचा परतीचा दरवाजा अडविते. नोरा व्होल्को व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली मेंदूच्या चित्रणाने हे दोन्ही पदार्थ शेजारी ठेवून तपासले. शिरेतून दिले असता दोन्ही मेंदूच्या त्याच भागात जमतात. परंतु कोकेन लवकर ओसरते, मेथिलफेनिडेट रेंगाळते. गोळीच्या रूपाने पोटातून गेले तर ते शिरतेही सावकाश. एकाच क्रियेचे एक रूप औषध ठरते व दुसरे व्यसन, याचे बरेचसे उत्तर या वेगात आहे. डोपामिन म्हणजे 'सुखाचे रसायन' ही वृत्तपत्री व्याख्याही आता टिकत नाही. केंट बेरिज यांच्या प्रयोगांत डोपामिन जवळजवळ नाहीसे झालेले उंदीरही साखरेची गोडी चाखताना पूर्वीसारखीच तोंडे करीत. मात्र ती मिळविण्यासाठी उठत नसत. गोडी वेगळी आणि ओढ वेगळी. काही उत्साही लेखक लगेच 'डोपामिन म्हणजेच तण्हा' असे समीकरण मांडतात. तण्हेत भवाची तण्हा आहे, विभवाचीही आहे. एका रेणूच्या पाठीवर इतके ओझे आम्ही देणार नाही.

आता या रसायनशास्त्राचे समाजाने काय केले ते पाहावे. कोकेनची भुकटी खाण्याच्या सोड्याबरोबर पाण्यात उकळली की तिचे खडे होतात, ते ओढता येतात, हेच क्रॅक. रेणू तोच, केवळ मार्ग बदलला. फुफ्फुसांतून ते काही सेकंदांत मेंदूत पोहोचते, म्हणून त्याचा तडाखा नाकाने ओढलेल्या भुकटीपेक्षा तीव्र असतो. पण तीच भुकटी पाण्यात विरघळवून शिरेत टोचली तर तडाखा तितकाच वेगवान असतो. भुकटी महाग, ती श्रीमंतांच्या मेजवान्यांत चाले. क्रॅकचा लहानसा खडा थोड्या पैशांत मिळे, तो गरीब वस्त्यांत चाले. १९८६ साली अमेरिकन संसदेने कायदा केला : ५ ग्रॅम क्रॅक बाळगून विकणाऱ्यास जी किमान पाच वर्षांची शिक्षा, तीच शिक्षा भुकटीवाल्यास होण्यासाठी ५०० ग्रॅम हवेत. एकास शंभर असे हे प्रमाण. पुढे क्रॅकच्या संघीय गुन्ह्यांत शिक्षा झालेल्यांमध्ये ८० टक्क्यांहून अधिक कृष्णवर्णीय असत. २०१० साली हे प्रमाण एकास अठरावर आणले गेले. एकास एक ते तेव्हाही केले नाही! मेंदूविज्ञानाच्या कोणत्या सिद्धांतावर हा अठराचा आकडा बसतो हे कोणी सांगू शकेल असे वाटत नाही. डॉ. हार्ट यांचे या विषयावरील विवेचन ग्रंथातील सर्वांत प्रभावी विवेचनांपैकी आहे, कारण तेथे संताप व पुरावा एकमेकांना सोडून जात नाहीत.

याच काळात 'क्रॅक बेबी' हा शब्द जन्मास आला. गरोदरपणी कोकेन घेतलेल्या मातांची मुले मेंदूने कायमची अधू, हिंसक व समाजावर भार होतील, असे भाकीत वृत्तपत्रांनी केले. फिलाडेल्फियातील डॉ. हॅलम हर्ट यांनी १९८९ पासून अशा मुलांचा व त्याच वस्त्यांतील, कोकेनशी संबंध न आलेल्या मुलांचा अभ्यास हाती घेतला आणि दोन दशकांहून अधिक काळ चालविला. निष्पन्न असे झाले की दोन्ही गटांत लक्षणीय फरक नाही. मात्र दोन्ही गट सर्वसाधारण मुलांच्या मागे आहेत. म्हणजे ज्याचा परिणाम दिसत होता ते द्रव्य नव्हते, दारिद्र्य होते. १८७१ च्या कायद्याने आपल्या देशात संपूर्ण जमातीच 'जन्मतः गुन्हेगार' ठरविल्या गेल्या आणि १९५२ पर्यंत ते लेबल कायद्याच्या पुस्तकात राहिले. तेव्हा रक्ताचे नाव घेतले गेले, येथे मेंदूचे घेतले गेले. विज्ञानाचा वेश धारण केलेला कलंक ओळखण्यास आमच्या वाचकांना फारसे शिकवावे लागणार नाही.

ग्रंथाचा कणा मात्र लेखकाच्या स्वतःच्या प्रयोगांचा आहे. नित्य क्रॅक ओढणाऱ्या, उपचार न मागणाऱ्या व्यक्तींना रुग्णालयात काही आठवडे ठेवण्यात आले. सकाळी एक मात्रा ओढावयास देत. ती किती आहे ते दिसू नये म्हणून डोळे बांधलेले असत. नंतर दिवसभरात अनेकदा विचारीत : तीच मात्रा हवी की पाच डॉलर? प्रचलित समजुतीप्रमाणे उत्तर एकच असावयास हवे होते. प्रत्यक्षात मात्रा मोठी असे तेव्हा बहुधा द्रव्य निवडले जाई, पण मात्रा लहान असली की पुष्कळदा पैसे निवडले जात. पुढे रक्कम वीस डॉलरपर्यंत वाढविली तेव्हा क्रॅकचे व मेथअँफेटामिनचे व्यसनी बहुतेक पैशांकडेच वळले. आणि ते पैसेही हातात लगेच पडणार नव्हते, प्रयोग संपल्यावर मिळणार होते. द्रव्य मेंदूचा ताबा घेते व माणसाची निवड संपते, या मताला इतके साधे व इतके परिणामकारक उत्तर क्वचितच कोणी दिले असेल.

तरीही या प्रयोगातून डॉ. हार्ट जेवढे काढू पाहतात तेवढे त्यातून निघते काय? आमच्या मते नाही. रुग्णालयातील खोलीत अन्न आहे, अंथरूण आहे, पोलीस नाहीत, उधारी मागणारा नाही, आणि दुसरा पर्याय कोणीतरी खात्रीने टेबलावर ठेवलेला आहे. वस्तीत नेमके हेच नसते. माणूस विवेकाने निवड करू शकतो एवढे प्रयोगाने दाखविले. वस्तीतला माणूस निवड करीत असताना त्याच्यापुढे दुसरे काय ठेवलेले असते, हे त्याने दाखविले नाही. लेखकाला हे ठाऊक आहे, किंबहुना आत्मकथनाचा भाग त्यासाठीच आहे. परंतु दोन भागांचा सांधा पुरेसा पक्का बसलेला नाही. कथन म्हणते की परिस्थिती माणसाला घडविते, विज्ञान म्हणते की माणूस हिशेबाने वागतो, आणि वाचकाने दोहोंची गाठ स्वतःच मारावयाची.

ही गाठ मारण्यास उपयोगी पडेल असे संशोधन अन्यत्र झालेले आहे. नॉर्थ कॅरोलिनातील वेक फॉरेस्ट येथे मायकेल नेडर यांच्या प्रयोगशाळेने २००२ साली २० नर माकडांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. ही माकडे आधी एकेकटी ठेवलेली होती व त्यांच्या मेंदूतील डोपामिनच्या डी-२ ग्राहींचे मोजमाप केले होते. नंतर त्यांचे चार-चारांचे कळप केले. कळपात उतरंड लागली : कोणी वरचा, कोणी खालचा. पुन्हा मोजले तेव्हा वरच्या माकडांत या ग्राहींची उपलब्धता सुमारे एक पंचमांशाने वाढलेली आढळली; खालच्यांत ती होती तेथेच राहिली. एकेकटे असताना त्यांच्यात असा फरक नव्हता. मग कोकेन उपलब्ध करून दिले तेव्हा खालची माकडे ते घेत राहिली. वरच्यांवर त्याची तशी पकड बसली नाही. येथे बारकाईने पाहिले पाहिजे. खालच्या स्थानाने मेंदू बिघडविला असे या प्रयोगाने म्हटलेले नाही. वरच्या स्थानाने, सोबत व हुकमत यांनी, काही दिले. जे खाली राहिले त्यांना ते मिळाले नाही, त्यांची अवस्था एकांतातल्या माकडासारखीच राहिली. वंचितता या शब्दाचा इतका नेमका शारीरिक अर्थ आम्ही यापूर्वी पाहिला नव्हता.

मात्र माकडांच्या उतरंडीवरून थेट जातीच्या उतरंडीवर उडी मारण्याचा मोह आवरला पाहिजे. एक तर दीर्घकाळ कोकेन मिळत राहिल्यावर वर-खालचा हा फरक मावळत गेला, असे त्याच प्रयोगशाळेने नंतर नोंदविले. दुसरे, माद्यांवरील त्यांच्याच पुढील अभ्यासात चित्र जवळजवळ उलट निघाले. तेथे वरच्या माद्याच अधिक ओढल्या गेल्या. आणि माकडांच्या कळपातील वरचा उद्या खाली येऊ शकतो. आपल्याकडच्या पायऱ्यांना जिना नाही. तेव्हा समाजातील स्थान मेंदूच्या रसायनापर्यंत पोहोचू शकते, एवढेच या प्रयोगांच्या आधारे म्हणावे. २०१८ साली मार्को व्हेनिरो व सहकाऱ्यांनी दाखविले की मेथअँफेटामिनची सवय लागलेल्या उंदरांपुढे एकीकडे द्रव्य व दुसरीकडे दुसऱ्या उंदराचा सहवास असा पर्याय ठेवला तर ते जवळजवळ नेहमी सहवासच निवडतात. डॉ. हार्ट यांच्या वीस डॉलरांना येथे दुसरे रूप मिळते.

आमचा दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मेथअँफेटामिन वापरणाऱ्यांच्या मेंदूविषयीच्या अभ्यासांची डॉ. हार्ट यांनी सहकाऱ्यांसह २०१२ साली छाननी केली व दाखविले की त्यांची बौद्धिक क्षमता बहुतेक वेळा सामान्य मर्यादेतच असते. संशोधक किरकोळ फरकाला 'हानी' म्हणतात. ही टीका योग्य होती व या क्षेत्राला तिची गरज होती. तथापि 'सामान्य मर्यादेत' हे शब्द फार सैल आहेत. ज्या माणसाची क्षमता मर्यादेच्या वरच्या टोकाला होती तो खालच्या टोकाला आला तरी मर्यादेतच राहतो. नुकसान मात्र त्याचे झालेलेच असते. व्होल्को यांच्या २००१ च्या अभ्यासात मेथअँफेटामिन सोडलेल्या व्यक्तींमध्ये डोपामिनची घटलेली वाहक-प्रथिने एक वर्षाहून अधिक काळाने बरीच भरून आली. पण त्यांच्या हालचाली व स्मरण यांच्या चाचण्या त्या प्रमाणात सुधारल्या नाहीत. तपासलेल्या व्यक्ती अवघ्या पाच होत्या, तेव्हा यावरून घोषणा करू नये. परंतु अँफेटामिनच्या अतिसेवनाने भ्रम व संशयाने ग्रासलेले मनोविकार होतात हे १९५८ साली लंडनच्या फिलिप कॉनेल यांनी सविस्तर नोंदविले आहे, आणि महायुद्धानंतर जपानमध्ये 'फिलोपॉन' या नावाने विकल्या जाणाऱ्या मेथअँफेटामिनमुळे असे रुग्ण इतके वाढले की १९५१ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. कलंकाचा प्रतिकार करताना जखमच नाकारली, तर जखमी माणूस पुन्हा एकटा पडतो.

संख्येच्या युक्तिवादाचेही तसेच. व्यसनी होणारे थोडेच असतात, हे लेखक वारंवार सांगतात व ते खरे आहे. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रव्यापी पाहणीनुसार कोकेन कधीतरी घेतलेल्यांपैकी सुमारे १७ टक्के पुढे त्याच्या आहारी गेले. दारूचे प्रमाण १५, आणि तंबाखूचे ३२. कोकेनला राक्षस ठरविणाऱ्यांनी हे आकडे भिंतीवर लावून ठेवावेत. परंतु हे १७ टक्के सर्व समाजात सारखे शिंपडलेले नसतात. ज्यांना काम नाही, घर नाही, बोलावयास माणूस नाही त्यांच्याकडे ते साचतात. सरासरीच्या आडोशाला हे साचलेपण दिसेनासे होते.

२०२१ साली डॉ. हार्ट यांचा 'ड्रग यूज फॉर ग्रोन-अप्स' हा पुढचा ग्रंथ आला. त्यात ते स्वतः हेरॉईन घेत असल्याचे मोकळेपणी सांगतात आणि जबाबदार प्रौढाला द्रव्यसेवनाचे स्वातंत्र्य असावे, असा पक्ष अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातील सुखाच्या शोधाचा हवाला देऊन मांडतात. पाचव्या शीलाचा स्वीकार केलेल्या आमच्या वाचकांना हे पटणार नाही हे उघड आहे. शिक्षेचा धाक हा आमच्या असहमतीचा पाया नाही, कारण पंचशीलात शिक्षा नाही. ते व्रत माणूस स्वतः घेतो, आणि त्याचा रोख प्रमादावर, म्हणजे ढळलेल्या सावधपणावर आहे. पण शील बाजूस ठेवूनही हा दुसरा ग्रंथ पहिल्याशी जुळत नाही. पहिल्या ग्रंथातील माणूस मायामीच्या वस्तीतला होता, ज्याच्यापुढे पर्याय ठेवले तर तो शहाण्यासारखा निवडतो असे लेखकाने सिद्ध केले होते. दुसऱ्या ग्रंथातील जबाबदार प्रौढाजवळ पर्याय आधीपासूनच आहेत : कायम नोकरी, वकील, डॉक्टर, शुद्ध माल कोठे मिळतो याची माहिती. त्याच वर्षांत अमेरिकेच्या रस्त्यांवरील कोकेनमध्ये व मेथअँफेटामिनमध्ये फेंटानिल मिसळलेले सापडत होते आणि माणसे मरत होती. माल तपासण्याची सोय सर्वांना हवी असे लेखक म्हणतात, व ते योग्यच आहे. पण प्रयोगशाळेतील ते वीस डॉलर वस्तीत कोण आणून ठेवणार, या प्रश्नाला पहिल्या ग्रंथात जे वजन होते ते दुसऱ्यात आम्हांस आढळले नाही.